मुदत चुकली, पण कोणाची?

वलगावच्या हद्दीत गुन्हा घडला तर खटला अमरावतीला चालतो. शिक्षा मॅजिस्ट्रेटने दिली असेल, तर अपील त्याच शहरातल्या सत्र न्यायालयात 30 दिवसांच्या आत करायचे. शिक्षा सत्र न्यायालयाची असेल, तर अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते आणि त्याला 60 दिवस मिळतात. वकील ज्याला लिमिटेशन ॲक्ट म्हणतात, त्या 1963 च्या मुदतीच्या कायद्यातला 115 वा अनुच्छेद एवढेच सांगतो. त्याआधीच्या 1908 च्या कायद्यातही हेच 30 आणि 60 होते. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, वऱ्हाड मध्य प्रांतातून मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. हे दोन आकडे मात्र जागचे हलले नाहीत. पेढी नदीच्या काठी, गाडगेबाबांनी जिथे देह ठेवला त्या वलगावातल्या माणसाला नागपूर दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. मेळघाटात धारणीकडच्या माणसाला तर घाट उतरून अचलपूर नाहीतर अमरावती गाठण्यातच अर्धा दिवस जातो. मुदत मात्र धारणीला आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला सारखीच.

मुदत टळली म्हणजे दार कायमचे लागले, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चूक आहे. पण मुदत चुकते कशी, हे आधी पाहायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा सुनावणारे न्यायालयच सहसा त्याला अपील करण्यापुरता जामीन देते. माणूस दंड भरतो, संध्याकाळच्या एसटीने घरी येतो आणि गाव म्हणते, सुटला बुवा. शिक्षा स्थगित झाली आहे, रद्द नाही, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. पुढे कापूस वेचायला, वीटभट्टीवर, नाहीतर पुण्याकडे बांधकामावर तो निघून जातो. काही महिन्यांनी वॉरंट दारात येते तेव्हा 30 दिवस कधीच उलटलेले असतात. दुसरा प्रकार त्याहून वाईट. शिक्षा मोठी असते आणि आरोपी निकालाच्या दिवशीच थेट कारागृहात जातो. खटल्यात आपला वकील होता म्हणजे तोच पुढचे पाहील, असे घरच्यांना वाटते. वकिलाचे वकीलपत्र त्या न्यायालयापुरते असते. नागपूरचा वकील वेगळा, त्याची फी वेगळी, आणि ती गोळा होईपर्यंत 60 दिवस संपतात.

दिवस मोजण्याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. निकालाचा दिवस मोजत नाहीत. निकालाची नक्कल मिळवायला लागलेला वेळही वजा होतो. नकलेवर तीन तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, हाती कधी दिली. अपील मुदतीत आहे की नाही, हे पुष्कळदा या शिक्क्यांवरच ठरते. ज्याला कैदेची शिक्षा झाली त्याला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी, असे कायदा सांगतो. आधी ते कलम 363 मध्ये होते, नव्या संहितेत कलम 404 मध्ये आहे. या सवलतीला दुसरी बाजू आहे. प्रत त्याच दिवशी हाती पडली की नकलेसाठी वजा करायला दिवस उरत नाहीत आणि मोजणी लगेच सुरू होते. ज्याला ती वाचता येत नाही, त्याच्यासाठीही.

मुदत उलटल्यावर काय, याचे उत्तर मुदतीच्या कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. अपील दाखल करायचे, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा, प्रतिज्ञापत्रावर कारण सांगायचे. ते न्यायालयाला पुरेसे वाटले, तर उशीर माफ होतो आणि अपील ऐकले जाते. माफीला वरची मर्यादा नाही. दहा दिवसांचा उशीर नाकारला जाऊ शकतो आणि पाच वर्षांचा माफ होऊ शकतो, कारण न्यायालय किती दिवस हे न पाहता का, हे पाहते. या ‘का’वर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी बरेच सांगितले आहे. 1961 मध्ये निकाली निघालेले रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स हे प्रकरण तिथवर गेले होते ते फक्त एका दिवसाच्या उशिरावरून. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पक्षकार आजारी पडला होता. आधीचे सगळे दिवस तो काय करत होता, हे विचारायचे नाही, असे न्यायालयाने ठरवले. मुदत शेवटच्या दिवसापर्यंत त्याचीच असते, खुलासा त्यानंतरच्या उशिराचा. 1987 च्या कातिजी प्रकरणात न्यायालय आणखी मोकळे झाले. उशीर माफ केला, तर फार तर काय होईल? प्रकरणाचा निकाल गुणदोषांवर लागेल. माफ केला नाही, तर खरी बाजू उंबरठ्यावरूनच परत जाईल. हे दोन्ही खटले दिवाणी स्वरूपाचे होते, पैशाचे आणि जमिनीचे. जमिनीच्या वादात इतकी मोकळीक असेल, तर माणसाच्या अंगावर बसलेल्या वर्षांच्या बाबतीत ती कमी का असावी?

महाराष्ट्रातला या विषयाचा मूळ खटला मात्र वेगळा आहे. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल ऑगस्ट 1978. आरोपी शिकलेला होता, विद्यापीठात अध्यापक होता, आणि आरोप विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करवण्याच्या प्रयत्नाचा होता. सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा नाममात्र होती; उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची सक्तमजुरी केली. हे झाले 1973 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले गेले ते चार वर्षे उलटल्यावर, म्हणजे शिक्षेच्या लांबीपेक्षा उशिराची लांबी मोठी. कारण काय? नक्कल 1978 मध्ये मिळाली, असे आरोपीचे म्हणणे. तपास केल्यावर निघाले ते असे: उच्च न्यायालयाने निकालाची मोफत प्रत 1973 मध्येच येरवडा कारागृहाकडे पाठवली होती. आरोपी म्हणाला, मला मिळाली नाही. कारागृह म्हणाले, दिली होती, पण राज्यपालांकडे शिक्षामाफीचा अर्ज पाठवायचा म्हणून परत घेतली. आरोपीची पोच म्हणून सही कुठेही नव्हती. एका कागदाचा प्रवास उच्च न्यायालय, तुरुंगाचे ऑफिस, बराक, पुन्हा ऑफिस असा झाला आणि त्यातल्या एकाही टप्प्यावर अंगठा किंवा सही घेण्याची कोणाला गरज वाटली नाही.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या माणसाची याचिका फेटाळली. गुणदोषांवर त्यात दम नव्हता. पण त्या निमित्ताने त्यांनी जे आदेश दिले, ते आजही प्रत्येक कैद्याच्या कामाचे आहेत. तुरुंगवासाची शिक्षा देताना निकालाची प्रत मोफत द्यायची. ती कारागृहामार्फत गेली, तर कैद्याकडून लेखी पोच घ्यायची. त्याला अपील करायचे असेल, तर त्यासाठी लागणारी प्रत्येक सोय तुरुंग प्रशासनाने करायची. वकील परवडत नसेल, तर तो न्यायालयाने द्यायचा आणि त्याचा खर्च राज्याने सोसायचा. एका अपिलाचा हक्क हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातल्या न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे, असा त्यामागचा विचार. पुढे 2007 मध्ये मुंबईतल्याच एका चेक न वटल्याच्या खटल्यात, दिलीप डहाणूकर विरुद्ध कोटक महिंद्र, सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट शब्दांत मांडला: ज्या दोषसिद्धीने माणसाच्या स्वातंत्र्यावर गदा येते, तिच्याविरुद्धचे अपील हा मूलभूत हक्क आहे.

माझे म्हणणे इथून सुरू होते. कैदेत असलेल्या माणसाच्या अपिलाला उशीर झाला, तर तो प्रथमदर्शनी त्याचा उशीर मानूच नये. मुदतीचा कायदा गृहीत धरतो, की मुदत ज्याला लागू आहे त्याच्या हातात वेळ आहे, पाय मोकळे आहेत, वकिलाकडे जाता येते, नक्कल आणता येते. कैद्याकडे यातले काहीच नसते. अपिलाचा अर्ज त्याने तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती द्यायचा आणि अधिकाऱ्याने तो न्यायालयाकडे पाठवायचा, अशी तरतूद कायद्यातच आहे. नव्या संहितेत ते कलम 424. म्हणजे कायद्याने त्याचे अपील सरकारी यंत्रणेच्या हवाली करून ठेवले आहे. ज्याच्या हाती वाट सोपवली, वेळेचा हिशोबही त्यानेच द्यायला हवा. आज अर्ज कैदी करतो, शपथेवर खुलासा कैदी करतो, आणि कोर्ट त्याला विचारते, इतके दिवस काय करत होतास. हा प्रश्न कारागृहाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला विचारला जावा: प्रत कोणत्या तारखेला दिली, पोच कुठे आहे, अपील करायचे का असे विचारल्याची नोंद कुठे आहे. ती नोंद दाखवता आली नाही, तर उशीर आपोआप माफ व्हावा.

हे फार धाडसाचे वाटत असेल, तर फाशीच्या शिक्षेकडे पाहावे. सत्र न्यायालयाने फाशी दिली, तर दोषीने अपील करो वा न करो, खटल्याचे सगळे कागद शिक्षा कायम करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागतात. त्याशिवाय ती शिक्षा अमलात येत नाही. इथे कायद्याने दोषीच्या जागरूकतेवर काहीही सोडलेले नाही. पण शिक्षा जन्मठेपेची असेल, तर सारा भार एकदम त्याच्या खांद्यावर येतो. त्याच न्यायाधीशाने, तशाच पुराव्यावर, फाशीऐवजी जन्मठेप दिली, तर दुसऱ्या न्यायालयाची नजर त्या निकालावर पडेल की नाही, हे दोषीच्या बायकोला नागपूरच्या वकिलाचा पत्ता सापडतो का यावर ठरते. प्रत्येक जन्मठेप आपोआप उच्च न्यायालयात जावी, असे मी म्हणत नाही. न्यायालयांवरचे ओझे मला दिसते. पण न मागता जाणाऱ्या फायली आणि मागूनही अडणाऱ्या फायली यांच्यामधली दरी एवढी रुंद असण्याचे कारण कायद्यात कुठे सापडत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराने खटल्याची वर्षे तारखा मोजत काढलेली असतात. शिक्षा झाली, मुदत संपली, आता तरी हे प्रकरण मिटले, असे त्यांना वाटत असताना चार वर्षांनी पुन्हा अपील उभे राहिले, तर तो त्यांच्यावर अन्यायच. निकालाला कुठेतरी शेवट हवा. हे खरे आहे, पण शेवट म्हणजे काय हेही पाहू. नाशिकजवळ 2003 मध्ये घडलेल्या एका अमानुष गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केली होती. यापेक्षा अंतिम काय असते? तरीही प्रकरण पुन्हा उघडले आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देवविली. दहा वर्षे ज्या निकालावर पीडित कुटुंबाने समाधान मानले असेल, त्याने खरा गुन्हेगार पकडलाच नव्हता. दुसरे उदाहरण पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडाचे. फाशी झालेल्या आणि नागपूरच्या कारागृहात वर्षानुवर्षे काढलेल्या एका कैद्याचे वय गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा होते, हे 2023 मध्ये सिद्ध झाले आणि तो 28 वर्षांनंतर बाहेर आला. अल्पवयीन असल्याचा दावा अंतिम निकालानंतरही, कोणत्याही टप्प्यावर करता येतो, अशी स्पष्ट तरतूद बाल न्याय कायद्याने केली म्हणून हे शक्य झाले. शिवाय उशीर माफ होणे म्हणजे सुटका होणे नव्हे, ही गोष्ट पीडित कुटुंबांना कोणी सांगत नाही. अपील फक्त ऐकले जाते. शिक्षा चालूच राहते. ती स्थगित करायची तर वेगळा अर्ज, वेगळी सुनावणी.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. सगळ्यांना अशी सवलत दिली तर फरारी झालेलाही दहा वर्षांनी अर्ज करील, साक्षीदार मेल्यावर, कागद जीर्ण झाल्यावर. हे होऊ नये, म्हणूनच मी कैदेतल्या माणसाबद्दल बोलतो आहे, जामिनावर फिरणाऱ्याबद्दल नाही. बाहेर असलेल्याने खुलासा द्यावा आणि तो नीट तपासला जावा. त्यातही मजुरीसाठी परमुलखात गेलेला आणि पोलिसांना चुकवत फिरणारा, हे दोघे एकाच मापाने मोजू नयेत, एवढेच. ज्यांना खटला लांबवायचा असतो, ते मुदत चुकवत नाहीत. आमदारांचेच पाहा: 2013 च्या लिली थॉमस निकालानंतर दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी त्याच क्षणी जाते. अशा दोषींचे अपील आठवड्याच्या आत दाखल झालेले वर्तमानपत्रांतून वाचायला मिळते. उशिराचे अपील हे बहुतेक वेळा गरिबाचेच असते.

मुदत पवित्र आहे, असे मानणाऱ्यांनी न्यायव्यवस्था स्वतः मुदतीशी कशी वागली आहे, तेही पाहावे. कोरोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून आदेश काढून 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ देशभरातल्या सगळ्या मुदतींतून वगळला आणि त्यानंतर 90 दिवस वरून दिले. जवळजवळ दोन वर्षे, एका आदेशाने, कोणाकडूनही प्रतिज्ञापत्र न मागता. कारण लोकांना घराबाहेर पडता येत नव्हते. कैद्याला तर साथ नसतानाही बाहेर पडता येत नाही. सरकारी अपिलांचे काय होते, तेही बघण्याजोगे आहे. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, असा खुलासा देऊन वर्षानुवर्षांचा उशीर माफ करून घेण्याची सवय सरकारी खात्यांना लागली होती. 2012 मध्ये पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 427 दिवसांचा असा उशीर माफ करायला नकार दिला आणि सरकारसाठी वेगळी मुदत नाही, असे सुनावले. पगारी वकिलांची फौज असलेल्या सरकारला जी ढिलाई दीर्घकाळ मिळत होती, ती बराकीतल्या माणसाला देताना हात आखडायचे कारण नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. राष्ट्रीय तपास संस्थेच्या कायद्यात अपिलाला 30 दिवस आहेत आणि 90 दिवसांनंतर अपील दाखलच करून घेऊ नये, असे शब्द आहेत. म्हणजे पाचव्या कलमाचा आसराही नाही. फैजल मिर्झा प्रकरणात कैदेतल्या आरोपीच्या जामिनाबाबतच्या अपिलाला 838 दिवसांचा उशीर झाला होता. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ठरवले, की ही 90 दिवसांची भिंत अभेद्य मानली तर पुरेसे कारण असलेल्यालाही न्यायालयाचे दार कायमचे बंद होईल, आणि ते 21 व्या अनुच्छेदाशी जुळत नाही. म्हणून उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. दहशतवादासारख्या आरोपांसाठी केलेल्या कठोर कायद्याखाली ही भूमिका घेता येते, तर शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या मारामारीत शिक्षा झालेल्या माणसाच्या बाबतीत ती घ्यायला अडचण कसली?

पुढचे पाऊल ज्या निकालात आहे, तो देणाऱ्या खंडपीठातले वरिष्ठ न्यायमूर्ती अमरावतीचे. सुहास चकमा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 23 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तुरुंगातल्या विधी सहाय्याबद्दल सविस्तर निर्देश दिले. त्यातला एक साधा आणि म्हणून मोलाचा: दोषी ठरवणाऱ्या निकालाच्या प्रतीला वरून एक पान जोडावे आणि पुढच्या न्यायालयात जाण्यासाठी मोफत वकील मिळतो, तो कुठे आणि कसा, हे त्यावर लिहावे, असे उच्च न्यायालयांनी खालच्या न्यायालयांना सांगण्याचा विचार करावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमानुसार कैदेतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहेच. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोपींना मोफत वकील देणारी लोक अभिरक्षक कार्यालये उभी राहत आहेत, 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांक चालू आहे. हे वरचे पान मात्र मराठीत हवे आणि मोठ्या अक्षरांत हवे, नाहीतर तेही निकालासारखेच न वाचता गादीखाली जाईल. मला त्यात आणखी एक ओळ हवी आहे: अपिलाची शेवटची तारीख. कोर्टाचा कारकून ती दोन मिनिटांत काढू शकतो. 60 दिवस असा हिशोब कैद्यावर सोपवण्याऐवजी अमुक महिन्याची अमुक तारीख, असे छापून द्यावे, त्याखाली कैद्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि एक प्रत कारागृहाच्या नोंदवहीत लावावी. उद्या उशीर झालाच, तर न्यायालयाला तेवढे एक पान पाहून कळेल, की त्याला तारीख सांगितली होती की नाही.

ज्यांच्या घरात आज अशी वेळ आली आहे, त्यांनी मुदत गेली म्हणून गप्प बसू नये. शिक्षा भोगून झाली, आता कायचं अपील, असे आपल्याकडे सहज म्हणतात. पण दोषी ठरल्याचा शिक्का नोकरीला, पासपोर्टला, पोलीस पडताळणीला आडवा येतोच, आणि तो पुसायची सोय अपिलातच आहे. दोन अडथळे मात्र आधी तपासावेत. गुन्हा कबूल केल्यामुळे शिक्षा झाली असेल, तर अपील फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यांपुरते चालते. आणि अगदी किरकोळ शिक्षांना अपीलच नसते, तिथे 90 दिवसांच्या मुदतीचा पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, त्यालाही उशिराची माफी मागता येते. बाकी अर्ज लिहिताना खोटे आजारपण जोडू नये. न्यायाधीशांनी अशी प्रमाणपत्रे ढिगाने पाहिलेली असतात. निकाल कळला कधी, नक्कल मिळाली कधी, पैसे जमले कधी, पहिला वकील काय म्हणाला, मजुरीला गेलो तो गाव कोणता, हे तारखांसह सरळ सांगावे. आणि माणूस आत असेल, तर कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन निकालाची प्रत कधी दिली याची पोच मागावी. ती मिळाली तरी कामाची आहे, आणि मिळाली नाही, तर आणखीच कामाची.